दोशिशा विद्यापीठ

दोशिशा विद्यापीठ हे जपानमधील क्योतो शहरातील एक खाजगी ख्रिस्ती विद्यापीठ आहे. नीजिमा जो यांनी २९ नोव्हेंबर १८७५ रोजी स्थापन केलेल्या 'दोशिशा इंग्रजी शाळे'तून त्याचा विकास झाला. १९२० साली जपान सरकारच्या विद्यापीठविषयक अध्यादेशानुसार पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या खाजगी संस्थांमध्ये दोशिशाचा समावेश होता आणि त्या संस्थांमध्ये ती एकमेव ख्रिस्ती संस्था होती. कान्साई भागातील चार प्रमुख खाजगी विद्यापीठांमध्ये (कान्साई, क्वान्सेई गाकुइन, दोशिशा आणि रित्सुमेइकान) त्याची गणना होते.

ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नैतिक शिक्षण देणे हा संस्थेचा मूळ उद्देश होता. मात्र ज्या राज्यव्यवस्थेत तिला काम करायचे होते, ती व्यवस्था या उद्देशाकडे दीर्घकाळ संशयाने पाहत होती. त्यामुळे सरकारी मान्यता, परदेशी आर्थिक साहाय्य आणि स्थापनेचे तत्त्व यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न दोशिशाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वारंवार उभा राहिला.

नाव

जपानी भाषेत 'दोशिशा' या शब्दाचा अर्थ 'समान ध्येय असलेल्यांची संस्था' असा होतो. हे नाव सुचवण्याचे श्रेय सहसंस्थापक यामामोतो काकुमा यांना दिले जाते. त्या काळी परदेशी नागरिकांना ठरावीक बंदरांच्या बाहेर राहण्याची मुभा नव्हती. एखाद्या जपानी व्यक्तीने वा संस्थेने नोकरीस ठेवले तरच त्यांना अंतर्भागात राहता येत असे. क्योतो हे बंदर नसल्याने तेथे अमेरिकन शिक्षक आणण्यासाठी जपानी मालकीची संस्था असणे आवश्यक होते. नीजिमा आणि यामामोतो या दोघांनी मिळून अशी संस्था उभी केली.

पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या आरंभापासून जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी होती. परवानगीशिवाय देश सोडून जाणे हाही देहदंडास पात्र असा गुन्हा होता. १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीनंतरही ही बंदी काही वर्षे कायम राहिली. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या निषेधानंतर १८७३ साली बंदीचे जाहीर फलक हटवण्यात आले. पण ख्रिस्ती धर्माला कायद्याने स्पष्ट मान्यता मिळाली नव्हती. अशा संदिग्ध परिस्थितीत दोशिशाची स्थापना झाली.

संस्थापक

नीजिमा जो यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८४३ रोजी एदो (आजचे तोक्यो) येथे आन्नाका संस्थानाच्या सेवेतील एका सामुराई कुटुंबात झाला. तरुणपणी डच भाषेचा अभ्यास करताना आणि चिनी भाषेतील पुस्तके वाचताना त्यांना पाश्चात्त्य जगाविषयी व ख्रिस्ती धर्माविषयी कुतूहल निर्माण झाले. १८६४ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, हाकोदाते बंदरातून 'बर्लिन' या अमेरिकन जहाजावर चढून त्यांनी गुप्तपणे देश सोडला. शांघाय येथे ते 'वाइल्ड रोव्हर' या जहाजावर गेले. त्या जहाजाचे कप्तान टेलर त्यांना 'जो' म्हणू लागले आणि पुढे हेच त्यांचे नाव झाले. वाटेत हाँगकाँग येथे चिनी भाषेतील नव्या कराराची प्रत घेण्यासाठी त्यांनी आपली आखूड तलवार विकली. १८६५ साली ते बॉस्टनला पोहोचले.

'वाइल्ड रोव्हर'चे मालक आल्फियस हार्डी यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. नीजिमा यांनी अँडोव्हर येथील फिलिप्स अकादमीत शिक्षण घेतले आणि १८७० साली अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमधून पदवी मिळवली. पाश्चात्त्य महाविद्यालयाची पदवी मिळवणारे ते पहिले जपानी मानले जातात. अ‍ॅमहर्स्ट येथे त्यांना रसायनशास्त्र शिकवणारे विल्यम क्लार्क हे पुढे १८७६ साली साप्पोरो कृषी महाविद्यालयात अध्यापनासाठी गेले. १८७२ साली इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिकेत आले असता त्यातील शिक्षण अधिकारी तानाका फुजिमारो यांचे दुभाषी म्हणून नीजिमा यांनी काम केले आणि त्यांच्यासमवेत युरोपातील शिक्षणसंस्था पाहिल्या. सरकारी सेवेत येण्याचे निमंत्रण मात्र त्यांनी नाकारले. सरकारी पद स्वीकारल्यास स्वतंत्र खाजगी शाळा काढण्याची मोकळीक उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१८७४ साली अँडोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयाचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हरमाँट राज्यातील रटलंड येथे अमेरिकन बोर्ड या काँग्रिगेशनल पंथाच्या मिशनरी संस्थेचे वार्षिक अधिवेशन भरले होते. तेथे नीजिमा यांनी जपानमध्ये ख्रिस्ती महाविद्यालय काढण्यासाठी मदतीचे आवाहन केले आणि सुमारे ५,००० डॉलरची वचने मिळाली. एका गरीब शेतकऱ्याने परतीच्या रेल्वेभाड्यासाठी ठेवलेले दोन डॉलर त्यांच्या हाती दिले आणि तो पायी घरी गेला, ही आठवण दोशिशामध्ये आजही सांगितली जाते. हीच मिशनरी संस्था १८१३ पासून मुंबईत कार्यरत होती. अहमदनगर व परिसरात शिक्षणकार्य करणारे अमेरिकन मराठी मिशन ही तिचीच शाखा होय.

स्थापना (१८७५–१८७६)

नोव्हेंबर १८७४ मध्ये नीजिमा जपानला परतले. त्यांनी शाळेसाठी क्योतोची निवड केली. ही जागा सोपी नव्हती. क्योतो ही सुमारे हजार वर्षे सम्राटांची राजधानी आणि बौद्ध धर्माचे मोठे केंद्र होती. तेथे नीजिमा यांना यामामोतो काकुमा यांची साथ मिळाली. आइझू संस्थानातील हे माजी सामुराई दृष्टी गमावलेले होते, तरीही क्योतो प्रांताच्या प्रशासनाचे सल्लागार म्हणून त्यांचे मत वजनदार मानले जाई. शाही राजवाड्याच्या उत्तरेस, शोकोकुजी या बौद्ध मंदिराला लागून असलेली सात्सुमा संस्थानाच्या जुन्या वाड्याची जमीन त्यांच्या मालकीची होती. सुमारे ५,८०० त्सुबो, म्हणजे साधारण पावणेपाच एकर, जमीन त्यांनी शाळेसाठी ५५० येन इतक्या अल्प किमतीत दिली.

२९ नोव्हेंबर १८७५ रोजी भाड्याच्या एका घरात ८ विद्यार्थ्यांसह शाळा सुरू झाली. नीजिमा आणि अमेरिकन मिशनरी जेरोम डेव्हिस हे दोघेच शिक्षक होते. शहरातील बौद्ध भिक्षूंनी शाळेविरुद्ध प्रशासनाकडे तक्रारी केल्या. प्रारंभी अनुकूल असलेल्या प्रांताधिकाऱ्यांचा सूर बदलला आणि शाळेच्या वर्गांत बायबल शिकवले जाणार नाही, अशी हमी नीजिमा यांना द्यावी लागली. बायबलचे शिक्षण त्यामुळे काही काळ शाळेबाहेरच्या जागेत दिले गेले. ज्या हेतूने शाळा काढली, तोच हेतू पहिल्या दिवसापासून दाराबाहेर ठेवावा लागला. या तडजोडीबद्दल मिशनरी सहकाऱ्यांमध्ये नाराजी होती. शाळा मुळात उघडली गेली, ती मात्र या तडजोडीमुळेच.

जानेवारी १८७६ मध्ये नीजिमा यांचा विवाह यामामोतो काकुमा यांची बहीण याए यांच्याशी झाला. १८६८ च्या यादवी युद्धात आइझूच्या किल्ल्याच्या रक्षणासाठी याए यांनी बंदूक हाती घेतली होती. क्योतोमध्ये सुरू झालेल्या दोशिशाच्या मुलींच्या शाळेत त्यांचा सहभाग होता. सप्टेंबर १८७६ मध्ये शाळा इमादेगावा येथील स्वतःच्या जागेत गेली.

कुमामोतोचा गट

शाळेला पहिली मोठी विद्यार्थिसंख्या मिळाली ती क्यूशू बेटावरील कुमामोतो येथून. तेथील पाश्चात्त्य विद्यांच्या शाळेत लिरॉय जेन्स हे माजी अमेरिकन सैनिकी अधिकारी शिकवत असत. त्यांच्या प्रभावाने ३० जानेवारी १८७६ रोजी हानाओका टेकडीवर ३५ तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची प्रतिज्ञा केली. त्यावरून मोठा क्षोभ उसळला आणि शाळा बंद पडली. तेथील अनेक विद्यार्थी दोशिशात दाखल झाले. त्यांना 'कुमामोतो गट' असे म्हणतात. १८७९ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील १५ पदवीधर याच गटातील होते. कोझाकी हिरोमिची, एबिना दान्जो, योकोई तोकिओ, मियागावा त्सुनेतेरू आणि उकिता काझुतामी यांचा त्यात समावेश होतो. पुढे जपानमधील काँग्रिगेशनल मंडळ्यांचे नेतृत्व बव्हंशी या पिढीकडे आले.

एप्रिल १८८० मध्ये दोन वर्ग एकत्र करण्याच्या निर्णयावरून विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. शाळेच्या नियमानुसार त्यांना शिक्षा होणे क्रमप्राप्त होते. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नीजिमा यांनी दोष विद्यार्थ्यांचा नसून मुख्याध्यापक म्हणून आपला आहे, असे सांगितले आणि हातातील काठी मोडेपर्यंत स्वतःच्याच डाव्या हातावर मारून घेतले. या काठीचे तुकडे विद्यापीठाने जतन करून ठेवले आहेत. या प्रकरणानंतर तोकुतोमी सोहो हा विद्यार्थी पदवी न घेताच निघून गेला. मात्र त्याचा गुरूंविषयीचा आदर कायम राहिला. पुढे प्रसिद्ध पत्रकार झालेल्या तोकुतोमी यांनी दोशिशाच्या विद्यापीठ मोहिमेस मोलाचे साहाय्य केले.

विद्यापीठाची मोहीम आणि नीजिमा यांचे निधन

जपानमधील एकमेव विद्यापीठ असलेले तोक्यो येथील विद्यापीठ सरकारी होते. उच्च शिक्षण केवळ सरकारच्या हाती असू नये. राष्ट्राला सद्सद्विवेकबुद्धीने वागणारे नागरिक हवे असतील तर लोकांनी स्वतः उभारलेली विद्यापीठेही हवीत, असा नीजिमा यांचा विचार होता. नोव्हेंबर १८८८ मध्ये त्यांनी दोशिशा विद्यापीठाच्या स्थापनेमागील उद्देश सांगणारे निवेदन देशातील नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. ओकुमा शिगेनोबू आणि इनोउए काओरू यांसारखे राजकीय नेते, तसेच शिबुसावा एइइची यांसारखे उद्योजक या मोहिमेस देणगी देणाऱ्यांत होते. यांपैकी बहुतेकजण ख्रिस्ती नव्हते.

याच दशकात दोशिशाच्या आवारात विटांच्या इमारती उभ्या राहिल्या: शोएइकान (१८८४), प्रार्थनागृह (१८८६) आणि युशूकान (१८८७). १८८७ साली जॉन बेरी यांच्या पुढाकाराने रुग्णालय व परिचारिका प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. त्या विद्यालयाची धुरा अमेरिकेतील परिचारिका शिक्षणाच्या अध्वर्यू लिंडा रिचर्ड्स यांनी सांभाळली. अमेरिकन दाते जोनाथन हॅरिस यांच्या १ लाख डॉलरच्या देणगीतून १८९० साली विज्ञान विद्यालय सुरू झाले.

निधी गोळा करण्यासाठी केलेल्या प्रवासातच नीजिमा यांची प्रकृती ढासळली. २३ जानेवारी १८९० रोजी ओइसो येथे, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विद्यापीठ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. क्योतोमधील न्याकुओजी टेकडीवर त्यांची समाधी आहे.

तत्त्व आणि मान्यता यांतील संघर्ष (१८९०–१८९९)

नीजिमा यांच्या मृत्यूनंतरचे दशक दोशिशासाठी अत्यंत कठीण ठरले. ऑक्टोबर १८९० मध्ये सम्राटांच्या नावाने शिक्षणविषयक आज्ञापत्र जारी झाले आणि सम्राटनिष्ठा हा शालेय नीतिशिक्षणाचा पाया ठरला. जानेवारी १८९१ मध्ये उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाने तोक्योतील एका सरकारी विद्यालयात या आज्ञापत्रासमोर पूर्ण नमन केले नाही, म्हणून देशभर गदारोळ झाला. ख्रिस्ती धर्म व राष्ट्रीय शिक्षण यांचा मेळ बसत नाही, असे मत त्यानंतर उघडपणे मांडले जाऊ लागले.

दुसरीकडे, अमेरिकन बोर्ड आणि दोशिशाचे जपानी विश्वस्त यांच्यात पैसा, मालमत्ता आणि शिकवणीवरील नियंत्रण यांवरून मतभेद वाढले. १८९६ साली विश्वस्तांनी बोर्डाचे आर्थिक साहाय्य नाकारले. परदेशी निधीवाचून संस्था चालवायची तर विद्यार्थी टिकणे आवश्यक होते. आणि सरकारमान्य माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून तात्पुरती सूट मिळत असल्याने मान्यता नसलेल्या शाळा ओस पडत होत्या.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी योकोई तोकिओ यांच्या अध्यक्षतेखालील विश्वस्त मंडळाने फेब्रुवारी १८९८ मध्ये संस्थेच्या घटनेत बदल केला. ख्रिस्ती धर्म हा नैतिक शिक्षणाचा पाया आहे आणि हे तत्त्व कधीही बदलता येणार नाही, अशी घटनेत तरतूद होती. तिची अपरिवर्तनीयता रद्द करण्यात आली. दात्यांचा विश्वासघात झाला, असे म्हणत अमेरिकन बोर्डाने तीव्र निषेध केला आणि न्यायालयात जाण्याचीही तयारी दर्शवली. जपानमधील ख्रिस्ती मंडळ्यांतही टीका झाली. अखेर विश्वस्तांनी राजीनामे दिले आणि १८९९ साली नव्या मंडळाने मूळ तरतूद पुन्हा लागू केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षण मंत्रालयाने आदेश क्रमांक १२ काढून सरकारमान्य शाळांत धार्मिक शिक्षण व धार्मिक विधी यांना मनाई केली. यामुळे विश्वस्तांनी ज्या अडचणीची धास्ती घेतली होती, ती काल्पनिक नव्हती हे सिद्ध झाले. आओयामा गाकुइन आणि मेइजी गाकुइन यांसारख्या अन्य ख्रिस्ती संस्थांनाही मान्यता की धर्मशिक्षण, अशी निवड करावी लागली.

विद्यापीठाचा दर्जा (१९०४–१९२०)

१९०३ च्या विशेष महाविद्यालय अध्यादेशानुसार १९०४ साली दोशिशाने उच्च शिक्षण देणारे महाविद्यालय सुरू केले. हारादा तासुकू यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९१२ साली, याच अध्यादेशाखाली संस्थेने 'विद्यापीठ' हे नाव धारण केले. १९१८ च्या विद्यापीठ अध्यादेशाने खाजगी विद्यापीठांना प्रथमच सरकारी विद्यापीठांसारखा दर्जा मिळणे शक्य झाले. फेब्रुवारी १९२० मध्ये केइओ व वासेदा यांना आणि एप्रिल १९२० मध्ये दोशिशासह आणखी सहा संस्थांना तो मिळाला. नीजिमा यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी त्यांचा संकल्प सिद्धीस गेला. यानंतर रिक्क्यो (१९२२), सोफिया (१९२८) व क्वान्सेई गाकुइन (१९३२) या ख्रिस्ती संस्थांनाही हा दर्जा मिळाला.

लष्करशाहीचा काळ

१९२० साली कुमामोतो गटातील एबिना दान्जो अध्यक्ष झाले. १९२५ च्या अखेरीस शाळा-महाविद्यालयांतील लष्करी शिक्षणाला विरोध करणारी पत्रके दोशिशात आढळल्यावर पोलिसांनी दोशिशा व क्योतो शाही विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर छापे घातले. त्यानंतर झालेल्या अटका हा जपानच्या मुख्य भूमीवर शांतता संरक्षण कायद्याचा पहिला वापर मानला जातो. नोव्हेंबर १९२८ मध्ये राज्यारोहण सोहळ्यासाठी सम्राट हिरोहितो क्योतोत असताना, राजवाड्यासमोरच असलेल्या दोशिशाच्या युशूकान इमारतीला आग लागली. याची जबाबदारी घेऊन एबिना यांनी पद सोडले.

१९३५ साली कीटकशास्त्रज्ञ युआसा हाचिरो अध्यक्ष झाले. त्याच वर्षी दोशिशाच्या वाणिज्य विद्यालयातील व्यायामशाळेत काही विद्यार्थ्यांनी शिंतो देव्हारा बसवला. शाळेने तो हटवताच तेथे नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि प्रकरण चिघळले. वरकरणी एका लहान देव्हाऱ्याचा असलेला हा वाद प्रत्यक्षात ख्रिस्ती संस्थेत अंतिम शब्द कोणाचा, याविषयीचा होता. जुलै १९३७ मध्ये राष्ट्रवादी विद्यार्थ्यांच्या एका गटाने प्रार्थनागृहात ठाण मांडले. 'सेकाई बुन्का' या फॅसिझमविरोधी मासिकाशी संबंधित असलेले शिनमुरा ताकेशी व माशिता शिनइची हे दोशिशाचे अध्यापक याच सुमारास पकडले गेले. सततच्या दडपणामुळे युआसा यांनी १९३७ च्या अखेरीस राजीनामा दिला. युद्धकाळ त्यांनी अमेरिकेत व्यतीत केला.

१९४३ साली विद्यार्थ्यांची लष्करभरतीतील सूट काढून घेण्यात आली आणि अनेक विद्यार्थी आघाडीवर गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये दोशिशात इंग्रजी साहित्य शिकणारा कोरियन कवी युन दोंग-जू याला स्वातंत्र्यचळवळीशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक झाली. जपानी सत्तेखालील कोरियात दडपल्या जाणाऱ्या कोरियन भाषेत तो कविता लिहीत असे. १६ फेब्रुवारी १९४५ रोजी फुकुओका येथील तुरुंगात, वयाच्या २७ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. १९९५ साली इमादेगावा आवारात त्याचे स्मारक उभारण्यात आले. २०२५ साली, मृत्यूनंतर ८० वर्षांनी, विद्यापीठाने त्याला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली.

युद्धोत्तर काळ

१९४७ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्याची आणि शिक्षणस्वातंत्र्याची हमी दिली. १८७५ पासून छळत आलेला प्रश्न त्यामुळे कायद्याच्या पातळीवर मिटला. युआसा हाचिरो १९४७ साली पुन्हा अध्यक्ष झाले. पुढे ते तोक्योतील आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १९४८ साली नव्या शिक्षणपद्धतीनुसार दोशिशाची पुनर्रचना झाली. १९४९ साली दोशिशा महिला विद्यापीठ स्वतंत्रपणे सुरू झाले.

विद्यार्थिसंख्या वाढल्यावर १९८६ साली क्योतो प्रांताच्या दक्षिण भागात क्योतानाबे येथे दुसरे आवार उघडण्यात आले. २००३ साली यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम या तीन एकेश्वरवादी धर्मांच्या आंतरशाखीय अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. २००४ ते २०१३ या काळात अनेक नव्या विद्याशाखांची भर पडून त्यांची संख्या १४ झाली.

वास्तुवारसा

इमादेगावा आवारातील शोएइकान, प्रार्थनागृह, युशूकान, हॅरिस विज्ञान भवन आणि क्लार्क स्मारक भवन या पाच इमारतींना राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा आहे. शोएइकान ही क्योतोमधील सर्वांत जुनी विटांची इमारत मानली जाते, तर प्रार्थनागृह हे जपानमधील प्रोटेस्टंट पंथाचे विटांनी बांधलेले सर्वांत जुने उपासनास्थान मानले जाते. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजशी असलेल्या नात्याची खूण म्हणून १९३२ साली बांधलेले 'अ‍ॅमहर्स्ट हाऊस' हे वास्तुविशारद विल्यम व्होरीझ यांची रचना आहे.

प्रभाव

दोशिशातून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी चर्चबाहेरील सार्वजनिक जीवनात काम केले. आबे इसो हे जपानी समाजवादी चळवळीचे आरंभीचे नेते होते आणि वासेदा विद्यापीठात बेसबॉल रुजवण्याचे श्रेयही त्यांना जाते. तोमेओका कोसुके यांनी बालगुन्हेगारांच्या सुधारणेसाठी कुटुंबपद्धतीवर चालणारी शाळा काढली. यामामुरो गुन्पेई हे जपानमधील मुक्तिफौजेचे प्रमुख नेते झाले, तर फुकाई एइगो हे जपानच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते.

जपानच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे आणि दोशिशाचे बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. तरीही ख्रिस्ती तत्त्व, स्वातंत्र्य आणि आंतरराष्ट्रीय दृष्टी ही विद्यापीठाची घोषित शिक्षणतत्त्वे आहेत आणि सद्सद्विवेकाचे शिक्षण हे त्याचे ध्येय मानले जाते. ज्या शाळेला आरंभी आपल्या वर्गांत बायबल न शिकवण्याची हमी द्यावी लागली होती, तिच्या प्रार्थनागृहात आज कोणत्याही सरकारी परवानगीविना उपासना होते.